रिकामा पुडा

आगर, डहाणू
२७ मार्च २०२१

प्रिय चैत्या,

तुझा मोहाचा पुडा काल मुकेशच्या टेम्पोतून आला. पळसाची पानं हिरवीगार, वेलीचा दोरा तसाच दुहेरी गाठीचा. साठ वर्षांत तुझी गाठ बदलली नाही. सातवीला डहाणूच्या वसतिगृहात तुझ्या ट्रंकेला कुलूप नव्हतं, हीच गाठ होती, आणि ती माझ्याशिवाय कुणाला सुटत नसे.

हल्लीच्या रीतीप्रमाणे पुडा अर्धा दिवस उन्हात ठेवला, मग उघडला. आता राग धरू नकोस, पण या वर्षी तुझ्या मोहाला वासच नाही. फुलं टपोरी आहेत, रंग तोच जुन्या हस्तिदंताचा, पण नाकाशी धरली तर नुसती पानं हुंगल्यासारखं वाटतं. एरवी पुडा ओट्यावर आला की आत स्वयंपाकघरात कळायचं. विजयमाला म्हणायची, आले तुमचे डोंगरचे पाहुणे. ती महिनाभर विरारला ओंकारकडे आहे, नातवाची फोनवरची शाळा सांभाळायला. नाहीतर तिच्या नाकाची साक्ष काढली असती. मला वाटतं, मध्ये अवेळी ढग आले, त्याने मोहाचा गंध गेला. की जगाचाच गंध विरत चाललाय, आपल्या वयाबरोबर? परवा किनाऱ्यावर बोंबील वाळत घातले होते, त्यांचासुद्धा वास आला नाही. म्हटलं वारा फिरला असेल, आणि खरं सांगतो, बरंच वाटलं.

बाकी चैन म्हणून पडत नाही. सकाळपासून चिकूच्या वाडीत तीन फेऱ्या होतात, फाटकापर्यंत जातो, परत येतो. कपाटातलं जुनं पाठ्यपुस्तक काढतो, भरतीच्या कवितेच्या दोन ओळी मोठ्याने म्हणतो, मिटून ठेवतो. एकट्याने म्हटलेली कविता भिंतीवर आपटून परत येते. तू डोंगरीपाड्यावर, मी समुद्राकाठी. मधे टेम्पोने तासाभराचा रस्ता, आणि वर्ष झालं आपण भेटलो नाही. घसा जरा धरलाय. नविनच्या नातवाच्या बारशाला बर्फ घातलेलं सरबत प्यालो, त्याचं असणार. बारसं अगदी बेताचं होतं, साठ-सत्तर माणसं. सगळ्यांच्या तोंडाला रुमाल होते. जेवताना तेवढे काढले.

तुझी सून सुषमा पाड्याची आशा सेविका म्हणून फार धावते असं ऐकतो. कैनाडच्या शाळेत माझ्या वर्गात होती तेव्हाही फळा पुसायला पहिली धावायची. तिने पोरांसाठी काहीतरी सोपं लिहून मागितलं होतं. हे घे, तिला दे:

हात धुवा, दूर बसा, रुमाल बांधा नाकाला,
भेटायाला येऊ नका, पत्र धाडा काकाला.

चाल आपल्या भरतीच्या कवितेची लावावी.

तुझा,
गोविंदा


डोंगरीपाडा, तलासरी
२९ मार्च, धुळवड

गोविंदा,

पत्र फाट्यावरच्या तेलाच्या डब्यात मिळालं, मुकेश टपाल टाकतो त्यात. डब्यावर पोरांनी रंग टाकला होता. आत गेला नाही.

माझ्या मोहाला वास नाही असं आजवर कोणी म्हटलं नव्हतं. दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तर पुन्हा पुडा धाडला नसता. झाड तेच आहे, माझ्या बापाने राखलेलं. पहाटे टोपली भरून निघालो की माश्या बांधापर्यंत मागे येतात. शेजारचा लहान्या म्हणतो, तुझ्या अंगणात नुसतं उभं राहिलं तरी चढते. आणि तू म्हणतोस नुसती पानं.

कविता पोरं म्हणतात. काका कोण ते विचारतात.

सुषमाचं आता सगळीकडे चालतं. कोण कुठे गेलं, कोणाला ताप, कोणाकडे पाहुणा, सगळं वहीत लिहिते. होळीलाही तिने सगळ्यांना लांब लांब उभं केलं. लोक तोंडावर ऐकतात. मागे म्हणतात, हिच्या वहीत नाव गेलं की गाडी येते, आणि गाडीत गेलेला माणूस प्लास्टिकात गुंडाळून येतो. पाड्यातला असा एकही गेलेला नाही, पण म्हणतात. म्हणून तपासायला नाक कोणी पुढे करत नाही. दोनदा ती टेबल मांडून दिवसभर बसली, एक म्हातारी आली, ती पण गुडघा दाखवायला.

डहाणूकडे कोणी जायचं नाही हा तिचा नियम आहे. पण मोहाची गोष्ट अशी सोडता येत नाही. उद्या येतो. घरी सांगेन, तलासरीला लोहाराकडे कुऱ्हाडीला पाणी द्यायला जातो. मुकेशच्या टेम्पोत मागे क्रेटजवळ बसेन. पहाटेचा ताजा मोह आणतो आणि तुझ्या नाकाशी धरतो. मग बोल.

चैत्या


आगर
३ एप्रिल २०२१

प्रिय चैत्या,

हे पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून फाटकाला अडकवणार आहे, मुकेश बाहेरूनच काढून घेईल. तूही एक दिवस उन्हात ठेव, मग वाच.

मंगळवारी तू गेलास आणि दुसऱ्याच दिवशी मला ताप भरला. शेजारच्या नूतनने डबा ठेवताना माझा आवाज ऐकला आणि मला न विचारता फोन केला. नाकात काडी घालून नमुना नेला. काल निकाल आला: पॉझिटिव्ह. घाबरू नकोस. बोटाला लावायचं ते यंत्र शहाण्णव दाखवतं, ताप उतरलाय. घरात मी एकटा, वेगळी खोली, वेगळा संडास. म्हणून डॉक्टरांनी घरीच राहायला परवानगी दिली. फाटकावर कागद डकवलाय. चौदा दिवस आत कोणी नाही, बाहेर कोणी नाही. चौतीस वर्षं मी पोरांना वर्गाबाहेर उभं केलं, आता मला कोणीतरी वर्गात कोंडून ठेवलंय.

मंगळवार सारखा डोळ्यांपुढे येतो. फाटकात तू, एका हातात कुऱ्हाड, एका हातात पळसाचा पुडा. सरकारी पत्रकात लिहिलंय दोन हात अंतर, आणि आपण ओट्याच्या त्याच पायरीवर गुडघ्याला गुडघा लावून बसलो. रुमाल हनुवटीवर, नाकातोंडावर फडकं बांधून कविता म्हणता येते का कुणाला? भरतीची कविता एक ओळ तू, एक ओळ मी अशी म्हटली, तिसरं कडवं दोघांनाही आठवलं नाही आणि त्यावरून अर्धा तास भांडलो. वर्षभरात इतका हसलो नव्हतो.

आता मुद्द्याचं. आरोग्यसेविका शितल फाटकाबाहेर उभी राहून विचारत होती, आदल्या दिवसांत कोण कोण भेटलं. मी नविनचं घर सांगितलं, नूतन सांगितली, मुकेश सांगितला. तुझं नाव ओठावर आलं आणि थांबलो. मला वाटलं, आधी तुला विचारावं. आणखी एक विचार मनात येतो. हा रोग झाला की वास जातो म्हणतात. पण तू मला डोळे मिटायला लावून पुडा नाकाशी धरलास तेव्हा मी लगेच म्हणालो होतो ना, वा, काय दरवळ आहे? म्हणजे मंगळवारी मी बरा होतो. त्या हिशेबाने तुला धोका नसावा. तरी शितल परवा पुन्हा येणार आहे. तूच सांग, नाव देऊ का?

तुझा,
गोविंदा


डोंगरीपाडा
४ एप्रिल

गोविंदा,

पत्र उन्हात ठेवायला सवड नव्हती. लगेच वाचलं.

गरम पाणी पी. पालथा झोपत जा, सुषमा सगळ्यांना तसं सांगते.

नाव देऊ नको. माझं नाव गेलं तर ते इथे सुषमाकडेच येणार, आणि तिच्या वहीतलं पाड्यातलं पहिलं नाव तिच्याच सासऱ्याचं असेल. ज्याला ती जाऊ नको म्हणत होती तिकडेच मी गेलो, आणि खोटं सांगून गेलो. मग गाडी येणार, सगळ्यांदेखत मला नेणार. पाडा म्हणेल, बघा, स्वतःच्या घरातलं माणूस पण सोडलं नाही. नंतर तिला कोणी दार उघडणार नाही. दोन वर्षं ती पायी फिरून लोकांचा विश्वास मिळवते आहे.

माझी काळजी नको. मी सध्या शेतावरच्या खोपट्यात राहतो. रानडुकरं मोह खाऊन जातात, राखावा लागतो. नात प्रगती भाकर दगडावर ठेवून जाते. कोणाशी गाठ पडत नाही. फाट्याला येतो तो दुपारी, तेव्हा तिथे कुत्रंही नसतं.

तुला वास आला होता असं तू लिहितोस. बरं आहे. तसंच धर.

सातवीत तू शाळेच्या वेळेला किनाऱ्यावर बसून लाटा बघायचास आणि मी तुझ्या नावाला हजर म्हणायचो. एकदा पकडला गेलो, दोन छड्या बसल्या, तरी दुसऱ्या दिवशी म्हटलंच. आता तू मला एकदा गैरहजर मांड.

चैत्या


आगर
७ एप्रिल २०२१

प्रिय चैत्या,

मांडलं.

शितल परवा येऊन गेली. कडुनिंबाखाली उभी, हातात कागद, अंगावर तो पांढरा डगला, घामाने नुसती भिजलेली. "काका, अजून कोणी? नीट आठवून बघा, बाहेरगावचं कोणी?" मी म्हणालो, "नाही बाई, एवढेच." तिने कागदावर रेघ मारली आणि गेली. इतकं सोपं होतं. चौतीस वर्षं मी हजेरी घेतली. समोर बसलेल्या पोराला गैरहजर मांडलं असं एकदाही झालं नव्हतं.

तेव्हापासून एका जागी बसवत नाही. खोलीत सात पावलं आडवी, नऊ पावलं उभी. खिडकीतून फाटकावरचा कागद उलटा दिसतो, वाऱ्याने फडफडतो, आणि मला वाटतं तू आलास. पुस्तक उघडलं तर अक्षरं जागेवर, अर्थ नाही. ज्या ओळींनी डोळ्यांत पाणी यायचं त्या आता किराण्याच्या यादीसारख्या वाचतो.

मला तुझं फक्त एवढंच कळव: खोकला आहे का? अंग दुखतं का? भाकर गोड लागते का? एक ओळ पुरे. मुकेश रोज फाट्यावर थांबतो, त्याला मी बजावून ठेवलंय. नूतन आणि तो दोघंही तपासणीत निगेटिव्ह निघाले. नविनकडे तिघं पॉझिटिव्ह आहेत, म्हणजे सरबताचा दोष नव्हता.

उत्तर आजच्या आज लिही.

गोविंदा


आगर
१० एप्रिल २०२१, सकाळ

चि. सुषमा,

तुझा फोन कालपासून वीस वेळा लावला. लागत नाही. टाकीजवळच्या टेकडीवर गेल्याशिवाय तुझ्या पाड्यावर फोन लागत नाही हे माहीत असूनही लावत राहिलो. म्हणून हे पत्र, आणि मुकेशला सांगितलंय की डब्यात टाकायचं नाही, पाड्यावर चढून तुझ्या हातात द्यायचं.

चैत्या ३० मार्चला कुऱ्हाड घेऊन तलासरीला गेला नव्हता. तो माझ्याकडे आला होता. तीन तास आम्ही एकाच पायरीवर बसलो, तोंडावर काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी मला ताप आला आणि २ तारखेला मी पॉझिटिव्ह निघालो. इथे विचारलं तेव्हा मी त्याचं नाव सांगितलं नाही. दोनदा विचारलं, दोनदा नाही. त्याने सांगू नको म्हटलं होतं, पण ते कारण पुरेसं नाही. मलाही सांगायचं नव्हतं. आज सकाळी शितलला फोन करून नाव दिलंय, ती तलासरीला कळवते म्हणाली, पण कागद फिरायला वेळ लागेल. तू आधी पोच.

आणखी एक खोटं आहे, तेही सांगून टाकतो. त्याने मोहाचा पुडा माझ्या नाकाशी धरला तेव्हा मी दरवळ आला म्हणालो. काही आलं नव्हतं. चार दिवस कशाचाच वास येत नव्हता. तो एवढ्या लांबून आला होता, त्याचं मन मोडवेना. आणि नंतर तेच खोटं धरून मी स्वतःची समजूत घातली की त्या दिवशी मी बरा होतो.

मी तीन दिवसांपूर्वी लिहिलेलं पत्र अजून फाट्यावरच्या डब्यात तसंच पडलंय, असं मुकेश काल म्हणाला. चैत्या रोज दुपारी फाट्याला येतो. तीन दिवस तो आलेला नाही.

खोपट्यावर जा. आत्ता जा.

गोविंदराव गुरुजी


डोंगरीपाडा
११ एप्रिल २०२१

गुरुजींना नमस्कार.

बाबा जिवंत आहेत. आधी हे लिहिते, कारण बाकीचं तुम्ही घाईने वाचाल.

पत्र वाचलं तशी ऑक्सिमीटर, किट आणि डगला घेऊन शेताकडे पळाले. खोपट्याच्या वाटेवर ऐनाची फांदी आडवी टाकलेली आहे. ती मी आठवडाभर बघत होते. वाटायचं, गुरं येऊ नयेत म्हणून टाकली. काल जवळून बघितली, पानं पार वाळलेली. बाबा ३० तारखेला संध्याकाळी परत आले ते घरात आलेच नाहीत, परस्पर खोपट्यावर गेले. प्रगतीला सांगितलं, भाकर दगडावर ठेव, हाक मार, मी बाहेर यायच्या आत लांब जा. आम्हाला वाटलं, मी होळीला लोकांना लांब उभं केलं म्हणून रुसलेत. मी म्हटलं, रुसू दे.

सासूबाईंना, म्हणजे रखमी आईला, फांदी कळली होती. त्यांच्या आज्याच्या वेळी देवीची साथ आली तेव्हा ज्याच्या अंगावर फोड त्याच्या वाटेवर अशी फांदी टाकायचे. आतला बाहेर नाही, बाहेरचा आत नाही. त्यांनी बाबांना लांबून विचारलं होतं, तर म्हणाले गप्प बस, सुषमाला सांगू नको. त्या गप्प बसल्या. माझ्या घरात मी सोडून सगळ्यांना सगळं माहीत होतं, गुरुजी.

मी दारापाशी गेले तर आतून आवाज आला, "फांदी ओलांडू नको." आवाज म्हणजे नुसती हवा. मी म्हटलं, "बाबा, सून आली नाही, आशा आली आहे. बोट बाहेर काढा." मग दाराच्या फटीतून एक बोट बाहेर आलं. यंत्र लावलं. शहाऐंशी.

टेकडीवर जाऊन एकशे आठला फोन लावला. गाडी फाट्यापर्यंतच येते. झोळी करून न्यायला चार माणसं हवीत. मी पाड्यात हाका मारल्या, दारं लागली. माझा नवरा उमेश एकटा आला. दोघांनी झोळी उचलली, बांधापर्यंत नेली, तिथे माझे हात सुटायला लागले. तेवढ्यात लहान्या आला. त्याने तोंडाला टॉवेल गुंडाळला आणि माझ्या खांद्यावरचा बांबू काढून घेतला. आता बाबा डहाणूला आहेत, ऑक्सिजनवर. आम्हा सगळ्यांची तपासणी झाली, निगेटिव्ह आलो. ती फांदी नसती तर आलो नसतो.

तुम्ही माझे गुरुजी आहात, म्हणून इतके दिवस कधी उलट बोलले नाही. आज बोलते. त्यांना वाटलं, स्वतःला वेगळं ठेवलं म्हणजे झालं. पण वेगळं राहिलेल्या माणसाचं बोट रोज कोणाला तरी बघावं लागतं. नुसती वेगळी खोली असून भागत नाही, ती तुम्हाला मिळाली आणि तुमच्या फाटकावर रोज कोणी येत होतं. त्यांच्या फांदीवर कोणी आलं नाही, कारण कोणाला माहीत नव्हतं. तुमच्या कवितेत हात धुवा आहे, दूर बसा आहे. कुठे गेलो, कोणाला भेटलो ते सांगा, असं तिच्यात कुठेच नाही.

डॉक्टर म्हणाले, दोन दिवस आधी आणायला हवं होतं. तुमच्याकडे सात दिवस होते.

सुषमा


आगर
१४ एप्रिल २०२१

चैत्या,

हे पत्र शितल तुझ्या वॉर्डापर्यंत पोचवणार आहे. ती म्हणते, तिथली सिस्टर जयश्री तिच्या ओळखीची आहे, वाचून दाखवेल.

नाव मी दिलं. तू नको म्हणाला होतास तरी दिलं, आणि उशिरा दिलं. दोन्हींचा राग धर, पण तिथून बाहेर आल्यावर.

या पत्राला उत्तर लिहू नकोस. श्वास जपून वापर. आज कविता नाही. तिसरं कडवं काल अचानक आठवलं, फाटकावरचा कागद काढायचे अजून किती दिवस राहिले ते बोटांवर मोजत असताना. पण लिहीत नाही. तू आल्याशिवाय म्हणायचं नाही असं ठरवलंय.

सुषमाला मी उत्तर लिहिलं नाही. तिने जे लिहिलं त्याच्याखाली फक्त बरोबरची खूण करता येते.

गोविंदा


डोंगरीपाडा, शेतावरचं खोपटं
६ मे

गोविंदा,

मी आलो. सहा दिवस झाले. डॉक्टरने अजून आठ दिवस वेगळं राहायला सांगितलं, म्हणून परत खोपट्यातच आहे. लिहायला बसलं की दम लागतो, म्हणून हे पत्र तीन दिवस लिहितो आहे. आज पहिला कागद भरला.

तुझ्यावर रागावलो होतो. झोळीतून नेलं तेव्हा पूर्ण पाडा दारांच्या फटींतून बघत होता. तुझ्या नावाने काय काय म्हणालो ते लिहीत नाही, तू गुरुजी आहेस.

आता वॉर्डातलं सांगतो. तिथे सकाळी जयश्री सिस्टर खाट नंबर आणि नाव वाचायची. डगल्यात सगळ्या सारख्याच दिसतात, तिच्या पाठीवर पेनाने नाव लिहिलेलं होतं म्हणून कळायचं. नाव आलं की मी हजर म्हणायचो. ती हसायची. म्हणायची, बाबा, नुसतं हो म्हणा. शेजारच्या खाटेवर कासा बाजूचा एक माणूस होता. वयाने आपल्यापेक्षा लहान. घरी ट्रॅक्टर आहे म्हणायचा. पाचव्या दिवशी त्याचं नाव घेतलं, तो बोलला नाही. मला वाटलं डोळा लागला असेल. तुझ्यासाठी म्हणायचो तसं त्याच्यासाठी म्हटलं, हजर.

सिस्टर त्याच्याकडे बघत उभी राहिली. मग पडदा ओढला. जाताना माझ्या खाटेशी थांबली आणि हळू म्हणाली, "बाबा, दुसऱ्याचं हजर आपण म्हणायचं नसतं."

त्या दिवसापासून तुझ्यावर राग नाही.

पाड्याचं ऐक. मी फाट्यावर उतरलो आणि चालत वर आलो. उमेश पाठीवर घेतो म्हणत होता, मी नको म्हटलं. दर वीस पावलांना थांबलो, पण चालत आलो. लोक दाराबाहेर येऊन बघत होते. कोणी जवळ आलं नाही, सगळे दोन हात लांब, तुझ्या कवितेसारखे. दुसऱ्या दिवशी सुषमाने टेबल मांडलं तर लहान्या पहिला येऊन बसला. म्हणाला, "म्हातारा प्लास्टिकात गुंडाळून येईल असं मी सगळ्यांना सांगितलं होतं. तो तर बिड्या मागत आला." त्याच्या मागे एकवीस जणांनी नाक पुढे केलं. पाच पॉझिटिव्ह निघाले. लहान्या पण निघाला.

मोठे डॉक्टर तलासरीहून आले. म्हणाले, नियमाप्रमाणे पाचही जणांना सेंटरला न्यायचं, एका खोलीच्या घरात वेगळं राहता येत नाही. सुषमा त्यांना शेतावर घेऊन गेली. प्रत्येकाचं खोपटं दाखवलं, फांदी दाखवली, वही दाखवली. म्हणाली, सकाळ-संध्याकाळ मी बोट बघीन, चौऱ्याण्णवच्या खाली गेलं की मीच गाडी बोलावीन, तुम्हाला विचारायला थांबणार नाही. ते तासभर वाद घालत होते. ही मागे हटली नाही. शेवटी त्यांनी वहीवर सही केली. आता पाच वाटांवर पाच फांद्या आहेत. ती फांदीपाशी उभी राहून हाक मारते, आणि दाराच्या फटीतून बोट बाहेर येतं. रखमी म्हणते, आज्याच्या वेळी फांदी होती, पण असं बोट बघणारं कोणी नव्हतं. सुषमा तुझ्यावर अजून रागावलेली आहे. पण तुझ्या कवितेत एक ओळ वाढवून हवी असं परवा म्हणाली. तू समजून घे काय ते.

आता एक गोष्ट राहिली. ती मी तुला सांगणार नव्हतो.

त्या मंगळवारी मी दोन पुडे आणले होते, दुसरा कमरेला फडक्यात बांधून. तू डोळे मिटलेस. तुझ्या नाकाशी धरला तो पुडा रिकामा होता. नुसती धुतलेली पानं, गाठ मारलेली. भरलेला माझ्या पाठीमागे होता. तुझी गंमत करायची होती. तू म्हणशील, वास नाही, मग मी म्हणेन, बरोबर, यात मोहच नाही, आणि मग खरा पुढे करीन. पण तू म्हणालास, वा, काय दरवळ आहे.

मी हसलो, ते तुला आठवत असेल. पण तेव्हाच कळलं. सुषमा रोज घरात सांगते, वास जाणं ही पहिली खूण. तुला लगेच सांगायला हवं होतं, गोविंदा, तपासून घे म्हणून. नाही सांगितलं. तू एवढ्या हौसेने खोटं बोललास, की वाटलं तुला लाज वाटेल. आणि मी घरी खोटं सांगून येऊन बसलो होतो, ते उघडं पडेल हे वेगळंच. म्हणून परत आलो, फांदी तोडली आणि इथे येऊन राहिलो. तू माझं नाव लपवलंस, मी तुझा रोग लपवला. भरलेला पुडा तुझ्या ओट्याच्या कोनाड्यात ठेवला होता. सुकला असेल. तसाच राहू दे.

तिसरं कडवं आठवलं म्हणतोस. म्हणू नकोस अजून. पुढच्या वर्षी मोह पडायला लागला की मी येतो, सुषमाला सांगून येतो. दोन पुडे आणीन, एक भरलेला, एक रिकामा. डोळे मीट, आणि या वेळी खरं सांग.

चैत्या